वाइन, फासे आणि मित्रांची बैठक

जानेवारी ते मार्च हा नाशिककडे वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ. या दिवसांत पुण्या-मुंबईहून मित्रमंडळी गंगापूर धरणाच्या किंवा दिंडोरीच्या बाजूला शनिवार-रविवार काढायला जातात. दुपारी एखाद्या वायनरीत चार-पाच वाइन चाखायच्या आणि रात्री मुक्कामी फासे काढून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारखा टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम मांडायचा, असाही काहींचा बेत असतो. आरोग्याच्या सदरात या सहलीचं काय काम? काम आहे. या दोन दिवसांत प्रकृतीला उपकारक काय आणि अपायकारक काय, याचा आपला अंदाज बरेचदा उलटा असतो.

आधी चाखण्याबद्दल. वाइनची ‘चव’ म्हणून आपण जे सांगतो ते बरंचसं नाकाचं काम असतं. जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी एवढ्या मूळ चवी ओळखते. बाकीचे गंधरेणू घशाच्या मागून नाकाच्या पोकळीत चढतात. सर्दी झाली की आमटी बेचव लागते ती याचमुळे. नाक चिमटीत धरून घोट घ्या आणि मग नाक सोडा, फरक लगेच कळतो. सोव्हिन्यों ब्लां या पांढऱ्या वाइनला ढोबळी मिरचीचा वास येतो असं कुणी म्हणालं तर हसू नका. मेथॉक्सिपायराझीन कुळातला तोच रेणू मिरचीत आणि द्राक्षातही असतो. लाल वाइनने तोंड ओढल्यासारखं होतं, कारण तिच्यातली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतात. जांभळं खाल्ल्यावरचा तुरटपणा याच जातीचा.

मेंदू मात्र डोळ्यांचं फार ऐकतो. फ्रान्समधल्या बोर्दो इथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना गंधहीन रंगाने लाल केलेली पांढरी वाइन दिली गेली. त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे चाखताना कुणी फार ठामपणे बोलू लागलं की थोडं सबुरीने घ्यावं.

आता हिशेब. चाखायला साधारण ४० मिलिलीटर ओततात असं धरू. अशा पाच वाइन म्हणजे २०० मिलिलीटर. साडेबारा टक्के अल्कोहोल असेल तर त्यात जवळपास २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. साठ किलो वजनाच्या स्त्रीच्या रक्तात त्याने १०० मिलिलीटरमागे ५० मिलिग्रॅमच्या आसपास पातळी जाऊ शकते. सत्तर किलोच्या पुरुषात ती ४०च्या घरात. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असल्याने तेवढ्याच वाइनने पातळी जास्त चढते. भारतात गाडी चालवण्यासाठीची मर्यादा आहे ३० मिलिग्रॅम. ‘आम्ही फक्त चाखली’ म्हणणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने प्यालेला असू शकतो. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅम एवढीच पातळी उतरवतं. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी तो वेग वाढत नाही. व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात घोळवून थुंकतात. आपल्याकडे ते असभ्य वाटतं, पण चाखण्याच्या टेबलावरचं भांडं त्यासाठीच असतं. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी, झोपेच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. गरोदर स्त्रीने एक घोटही घेऊ नये.

एवढ्यात कुणीतरी म्हणतंच, ‘पण रेड वाइन हृदयाला चांगली असते ना?’ या समजुतीला १९९१ मध्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवरच्या एका कार्यक्रमाने मोठी चालना दिली. फ्रेंच लोक लोणी-चीज भरपूर खाऊनही त्यांना हृदयविकार कमी, तो वाइनमुळे, असा त्यातला सूर होता. पुढे या तर्कातली भोकं दिसू लागली. ‘न पिणाऱ्यां’च्या गटात आजारपणामुळे दारू सोडलेले लोकही मोजले जात, त्यामुळे माफक पिणारे उगाच निरोगी भासत. डेन्मार्कमध्ये सुपरमार्केटची लाखो बिलं तपासली तेव्हा वाइन घेणाऱ्यांच्या टोपलीत फळं, भाज्या, ऑलिव्ह अधिक दिसली. बिअर घेणाऱ्यांच्या टोपलीत चिप्स आणि तयार जेवण. मग फायदा बाटलीचा की भाजीचा? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. तिथे वाइनला सवलत नाही.

माफक वाइन पिणाऱ्याकडे बहुधा आणखी एक गोष्ट असते, ती म्हणजे सोबत. आणि इथे रात्रीचा खेळ येतो.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ बाजारात आणला. मोठ्यांची भातुकली म्हटलं तरी चालेल. एकजण ‘गेम मास्टर’ होऊन गोष्ट रचतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी मांत्रिक. पात्र दरी ओलांडू शकलं का, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. सलग तीनदा १ पडला म्हणून पुढच्या वेळी २० पडण्याची शक्यता वाढत नाही. ती ५ टक्केच राहते. दोन पेले झालेल्या माणसाला हे पटवणं अवघड जातं, ते सोडा. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत या खेळामुळे मुलं आत्महत्या करतात असा गदारोळ झाला होता. नंतरच्या तपासात तसा कार्यकारणसंबंध सापडला नाही. उलट आज काही मानसोपचारतज्ज्ञ बुजऱ्या किशोरवयीन मुलांसाठी असे खेळ वापरतात. हा पुरावा मात्र अजून छोट्या अभ्यासांपुरताच आहे.

माझ्या मते खेळाचं मोल त्याच्या बेशिस्त लांबीत आहे. चार-पाच जण चार तास एका टेबलाभोवती बसतात, एकमेकांचं ऐकतात, मिळून निर्णय घेतात आणि हरतात तेही मिळून. गोष्ट अर्धी राहते म्हणून पुढच्या महिन्याची तारीख ठरते. चाळिशीतल्या माणसाला ‘भेटू या कधीतरी’च्या पलीकडे नेणाऱ्या गोष्टी फार थोड्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधांवरील आयोगाने २०२५ मध्ये सांगितलं की जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध आहे. शिवाय खेळात न पिणाऱ्याला ‘घे रे, एवढ्याने काय होतंय’ असं ऐकावं लागत नाही. द्राक्षाच्या रसावरही मांत्रिक तेवढाच चांगला लढतो.

खेळताना बाटल्या उघडत राहिल्या तर झोपेचं नुकसान होतं. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप तुटक होते. उशिरापर्यंत प्यालेल्याच्या रक्तात सकाळच्या पोह्यांच्या वेळीही अल्कोहोल उरलेलं असू शकतं, आणि मुंबईकरांच्या वाटेत पुढे कसारा घाट असतो. म्हणून रविवारी गाडी कोण चालवणार हे शनिवारी दुपारी, पहिला पेला भरण्याआधी ठरवावं. गेम मास्टर या कामाला सर्वांत योग्य. गोष्टीचे सगळे धागे हातात ठेवायचे तर त्याला तसंही रात्रभर शुद्धीत राहावं लागतं.