फोटो काढणारे मास्तर

अमेरिकेत लुईस हाइन नावाचे एक मास्तर होऊन गेले. त्यांचा जन्म १८७४ साली ऑशकॉश या गावी झाला. वडील लवकर वारले. मग फर्निचरच्या कारखान्यात काम, रोज तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस. पगार किती? आठवड्याला अवघे ४ डॉलर! तरीसुद्धा शिकायचे त्यांनी सोडले नाही. वर्षभर शिकागोच्या विद्यापीठात काढले आणि १९०१ साली ते न्यूयॉर्कच्या एका शाळेत मास्तर झाले. भूगोल आणि निसर्ग शिकवायचे. नोकरी सांभाळून १९०५ साली पदवीही घेतली.

कॅमेरा त्यांच्या हातात आला तो शाळेमुळेच. तो कसा चालवायचा हे त्यांचे ते शिकले. त्या वेळचा कॅमेरा म्हणजे पेटीएवढे धूड. आत काचेची पट्टी घालायची, आणि अंधार असला की एक पूड पेटवायची. भक्‌कन उजेड अन् खोलीभर धूर!

१९०८ साली त्यांनी शाळा सोडली आणि बालकामगारांसाठी झटणाऱ्या समितीचे काम धरले. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, सगळीकडे आपल्याएवढी पोरे राबत होती. मालक फोटो काढू देतील होय? मग हाइन कधी बायबल विकणारे बनून जात, तर कधी यंत्रांचे फोटो काढायला आलोय म्हणून सांगत. पोराची उंची कशी मोजायची? आपल्या कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत डोके येते ते बघायचे! खिशातल्या खिशात वहीवर नाव, वय टिपून घ्यायचे. सूतगिरणीतल्या एका मुलीच्या फोटोखाली लिहिले आहे : उंची ४८ इंच, कामाला लागून सहा महिने. म्हणजे आपल्या पहिली-दुसरीतल्या मुलींएवढीच की!

हे फोटो बघून लोक हळहळले. १९१६ साली कायदा झाला, पण दोनच वर्षांत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. पक्का कायदा व्हायला १९३८ साल उजाडले. सोळा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात ठेवायला बंदी आली.

हाइन मात्र तोवर गरीब झाले होते, राहते घरही गेले. १९४० साली ते वारले. त्यांनी काढलेले बालकामगारांचे पाच हजारांवर फोटो आज वॉशिंग्टनच्या सरकारी ग्रंथालयात जपून ठेवले आहेत.