विद्यार्थी-खेळाडूचा व्यवसायप्रवेश आणि चाहत्यांचा अधिकार

अमेरिकेत विद्यापीठाचा फुटबॉल-संघ हा केवळ विद्यार्थ्यांचा संघ नसतो. माजी विद्यार्थी, गावकरी, किंबहुना सबंध राज्य त्याला ‘आपला’ मानते. (हा फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडूचा अमेरिकन खेळ होय.) अशा संघातील एखादा गुणी खेळाडू शिक्षण अर्धवट टाकून व्यावसायिक संघात जातो, तेव्हा चाहत्यांच्या मनात उद्भवणाऱ्या रोषाचे मूळ या आपलेपणात आहे. तथापि हा प्रश्न भावनेपुरता नाही. खेळातील जोखीम कोण उचलतो आणि तिच्यावर हक्क कोण सांगतो, हे त्यात पाहावे लागते.

या दृष्टीने इलिनॉय विद्यापीठाच्या रेड ग्रेंजचे उदाहरण उद्बोधक आहे. व्हीटन गावचा हा तरुण सुटीत घरोघर बर्फाच्या लाद्या पोचवीत असे. १८ ऑक्टोबर १९२४ रोजी मिशिगनविरुद्ध पहिल्या बारा मिनिटांत त्याने चार वेळा चेंडू गोलरेषेपार नेला आणि त्याचे नाव देशभर गाजले. २१ नोव्हेंबर १९२५ रोजी विद्यापीठाकडून त्याचा शेवटचा सामना झाला. लगेच, पदवी न घेताच, तो शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघास मिळाला. पैशासाठी फुटबॉल खेळणे त्या काळी विद्यापीठीय जगात हलके समजले जाई. त्याचे प्रशिक्षक रॉबर्ट झुप्के यांनी त्याला परावृत्त करण्याचा प्रयत्न केला. त्यावर ग्रेंजचे म्हणणे असे की, झुप्के स्वतः फुटबॉल शिकवून चरितार्थ चालवतात, तर आपण तो खेळून का चालवू नये? या युक्तिवादाला समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले दिसत नाही.

विद्यापीठीय धुरीणांनी नाके मुरडली. प्रेक्षकांनी मात्र वेगळा कौल दिला. २६ नोव्हेंबरला ग्रेंजच्या पहिल्या व्यावसायिक सामन्यास सुमारे ३६,००० लोक लोटले. सामना शून्य-शून्य असा बरोबरीत सुटला, हा भाग वेगळा! पुढे व्यावसायिक संघटनेनेच, विद्यार्थ्याच्या वर्गाचे पदवीवर्ष संपेपर्यंत त्याला घेऊ नये, असा नियम केला. ग्रेंजच्या निर्णयाचे खरे मोल १९२७ मध्ये प्रत्ययास आले. त्या वर्षी त्याच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली. १९२८ चा हंगाम बुडाला. तो पुन्हा खेळला, पण धावताना एकाएकी दिशा बदलण्याची त्याची हातोटी परतली नाही. म्हणजे कमाईची उमेद त्याला जेमतेम दोनच वर्षे पुरती लाभली.

याच्या उलट दक्षिण कॅरोलायना विद्यापीठाचा मार्कस लॅटिमोर. २०११ मध्ये एक गुडघा दुखावल्यावर तो पुन्हा विद्यापीठासाठीच उतरला आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये टेनेसीविरुद्ध दुसरा गुडघा निखळला. प्रतिस्पर्धी खेळाडूही त्याच्याभोवती जमले. २०१३ च्या निवडीत एका व्यावसायिक संघाने त्याला चौथ्या फेरीत घेतले. परंतु २०१४ मध्ये एकही सामना न खेळता त्याने निवृत्ती पत्करली. चाहत्यांची हळहळ खरीच होती, पण तिने गुडघा सांधला जात नाही.

यावरून प्रत्येकाने लवकर निघून जावे, असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. बास्केटबॉलपटू टिम डंकन वेक फॉरेस्ट विद्यापीठात पूर्ण चार वर्षे राहून १९९७ मध्ये पदवीधर झाला आणि त्यानंतरच व्यावसायिक खेळात उतरला. आदर करावयाचा तो निवडीच्या अधिकाराचा. निवड आपल्या सोयीची असो वा नसो. खेळाडू गेल्याचे दुःख वाटणे स्वाभाविक आहे. त्या दुःखाचे ऋणपत्र करून ते खेळाडूपुढे धरणे मात्र समर्थनीय नाही; कारण तिकिटाचा मोबदला प्रेक्षकाला सामन्यातच मिळालेला असतो.

२०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूस आपल्या नावाच्या व प्रतिमेच्या वापराबद्दल पैसे घेता येतात आणि २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीने विद्यापीठांनाही उत्पन्नाचा वाटा थेट देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे विद्यापीठात राहणे आता पूर्वीइतके तोट्याचे उरलेले नाही, आणि चाहत्यांचा रोष एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणाऱ्या खेळाडूंकडे वळू लागला आहे.

ग्रेंजच्या बाबतीत इलिनॉयने मन मोठे ठेवले. त्याच्या पाठीवरील ७७ हा क्रमांक विद्यापीठाने त्याच्याच नावे कायमचा राखून ठेवला आहे.