बारीक दळणाचा भ्रम : धान्याचा दाणा आणि गायीचे पचन

धान्य जितके बारीक दळावे तितके ते गायीच्या अंगी लागते, ही समजूत कितीदाही खोडली तरी गोठ्यात परत येतेच, आणि तिच्या मुळाशी अर्धसत्य असल्यामुळे ती अधिकच चिवट झाली आहे. दळल्याने पचन वाढते हे खरे. परंतु किती दळावे हे दाण्याची अंतर्रचना ठरवते आणि ती रचना बव्हंशी वाणाच्या आनुवंशिकतेतून येते. मक्यात पिष्टाचे, म्हणजे स्टार्चचे, कण ‘झेइन’ नावाच्या प्रथिनांच्या वेढ्यात बसलेले असतात. हा वेढा दाट असेल तेथे दाणा काचेसारखा कठीण होतो, विरळ असेल तेथे पिठूळ राहतो. कठीण दाण्याच्या मक्याला फ्लिंट, तर माथ्यावर खळगा पडणाऱ्या, तुलनेने पिठूळ मक्याला डेंट म्हणतात. हा भेद निव्वळ रूपाचा आहे असे मानणाऱ्यांनी ‘जर्नल ऑफ डेअरी सायन्स’मधील कोरेआ व सहकाऱ्यांचा २००२ सालचा अभ्यास पाहावा : अमेरिकी डेंट संकरांत काचेसारखा भाग सरासरी ४८ टक्के, तर ब्राझीलच्या फ्लिंट संकरांत ७३ टक्के भरला, आणि तो वाढला तसे कोठीपोटातील, म्हणजे रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाच्या सर्वांत मोठ्या कप्प्यातील, पिष्टाचे विघटन घटले.

तेव्हा फ्लिंट मक्याला बारीक भरडा मानवतो. तोच न्याय गव्हाला लावणे मात्र घातक आहे, कारण गव्हाचा प्रथिनवेढा जिवाणू सहज फोडतात, पीठ झपाट्याने आंबते, कोठीपोटाचा सामू ५.५ च्या खाली घसरतो, रवंथ मंदावते आणि आम्ल शमवणारी लाळही कमी पडते. मग दुधाची फॅट उतरते, पुढे खुरे दुखावतात, आणि दोष मात्र पेंडीच्या माथी मारला जातो.

शिवाय प्रक्रिया म्हणजे केवळ गिरणी नव्हे. अमेरिकेतील मांसासाठी जनावरे पोसणाऱ्या फीडलॉटमध्ये मका वाफवून रुळांतून चपटा करतात. त्यामुळे कोरड्या भरडलेल्या मक्यातील सुमारे ९० टक्के पचणारे पिष्ट ९९ टक्क्यांपर्यंत पचते, म्हणजे वाफेने सत्त्व जाते ही भीतीही निराधार ठरते. ज्वारी मक्यासारखीच पचते हेही खरे नाही; तिची ‘काफिरिन’ प्रथिने अधिक चिवट असतात. मक्याच्या मूरघासात आंबवण जुने होत जाते तसा झेइनचा वेढा आपोआप सैलावतो.

राहता राहिले शेणातील दाणे : ते दिसले नाहीत म्हणजे सारे पचले, असे होत नाही. शेणाच्या शुष्क भागात सापडणाऱ्या दर १ टक्का पिष्टामागे एकूण पिष्टाची पचनीयता सुमारे १.२५ टक्क्यांनी कमी धरावी लागते, आणि हे पिष्ट डोळ्यांना दिसत नाही.