मोफत प्रवेश : पण आठवीपर्यंतच!

पोर चार-पाच वर्षांचं झालं की घरोघरी एकच विषय, शाळा कोणती? चारकोपच्या सेक्टरांतून रिक्षावाल्याच्या घरीही इंग्रजी शाळेची स्वप्नं पाहिली जातात. फी ऐकली की मात्र छातीत धस्स होतं!

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात सरकार मुलाच्या शिक्षणासाठी खात्यात पैसे भरतं आणि आई-वडील त्यातून खासगी शाळेची फी देतात. २०११ मध्ये सुरू झालेली ही सोय २०२२ मध्ये सर्वच मुलांना खुली झाली. आपल्याकडे पैसा हाती येत नाही, पण वाट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांनी २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखायच्या असतात. त्यांच्या फीची भरपाई सरकार शाळेला देतं. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र यातून वगळल्या आहेत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला यातून सूट! चारकोपसारख्या दाट वस्तीत मग उरलं काय असतं? प्रकरण कोर्टात गेलं आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला.

तेव्हा कागदपत्रं वेळेत जमवून ठेवा :

* मुलाचा जन्मदाखला.
* पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणीकृत हवा.
* जातीचा दाखला. तो नसेल तर वर्षाला एक लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला.

अर्ज ऑनलाइन भरतात, त्याला पैसे पडत नाहीत. नंबर सोडतीत लागतो. ‘लावून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातावर दमडीही ठेवू नका. देणगी मागणं किंवा मुलाची परीक्षा घेणं कायद्याला मंजूर नाही. वह्या, गणवेश, बस यांचा खर्च कोणाकडे, हे मात्र प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्या.

आणि खरी गोम पुढेच आहे. ही सवलत आठवीला संपते. नववीत पूर्ण फी दारात उभी राहते, आणि नेमकी त्याच वेळी मुलीची शाळा बदलायची का, अशी कुजबुज घरात सुरू होते. म्हणून चौथीच्या सुरुवातीलाच पोस्टात पाच वर्षांचं आवर्ती खातं उघडा. महिना शंभर रुपयांपासून ते उघडता येतं आणि आठवी संपता संपता मुदत भरते. सगळी फी निघणार नाही कदाचित. पण लेकीची बाजू मांडताना तुमचा हात रिकामा नसेल!