डोंगरवस्त्यांचे बिनतारी निरोपजाळे : सौरविजेचा हिशोब कसा मांडावा?

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या कित्येक वाड्यांचा बाहेरील जगाशी असलेला संबंध ऐन पावसाळ्यात तुटतो. झाड कोसळून विजेची तार तुटते, वीज गेल्यावर काही तासांनी मोबाईलचा मनोराही बंद पडतो, आणि मग निरोप पोहोचविण्यास पायपिटीवाचून गत्यंतर उरत नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव दरडीखाली गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे प्राणास मुकली. त्या अनर्थाची वार्ता बाहेर पोहोचली ती नित्याप्रमाणे गावाकडे निघालेल्या एस. टी. बसच्या चालकाकडून. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा गाडीरस्ता नसल्याने मदत-पथकांना डोंगर चढून जावे लागले. कोणतेही यंत्र दरड थोपवू शकत नाही. तथापि जमिनीस भेग पडल्याचे अथवा आजाऱ्यास खाली न्यावयाचे वर्तमान वेळेवर तळच्या गावी पोहोचणे, हे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

यासाठी 'लोरा' या पद्धतीची लहान बिनतारी यंत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांवर चालणारी 'मेश्टॅस्टिक' ही आज्ञावली विनामूल्य मिळते. आपल्या मोबाईलवर लिहिलेला निरोप ब्लूटूथने जवळच्या यंत्राकडे जातो, ते यंत्र तो हवेत सोडते, आणि वाटेतील प्रत्येक यंत्र तो ऐकून पुढे ढकलते. त्यास मनोरा लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. मध्ये डोंगराची आड नसेल तर एक यंत्र काही किलोमीटर सहज गाठते. म्हणून दोन खोऱ्यांमधील धारेवर एक यंत्र बसविले की दोन्हीकडील वस्त्या जोडल्या जातात. मात्र धारेवर वीज नसते, व तेथील यंत्र बंद पडले तर सर्व जाळेच मुके होते. सबब, त्या एका यंत्रास बारा महिने वीज कशी पुरवावी, हाच या योजनेतील कळीचा प्रश्न होय.

हिशोब चैत्राचा नव्हे, झडीचा

विहिरीवरील हौदाचा हिशोब आपण करतो त्याच रीतीने हा हिशोब करावयाचा आहे. ज्यास आपण सोलर प्लेट म्हणतो ती आवक, बॅटरी हा हौद, आणि यंत्र हा उपसा.

प्रथम उपसा पाहू. बाजारात प्रामुख्याने दोन जातींची यंत्रे मिळतात. 'ईएसपी ३२' जातीचे यंत्र निरोप पुढे ढकलण्यासाठी अखंड जागे ठेवल्यास सरासरी सुमारे १०० मिलिअँपिअर प्रवाह घेते. २४ तासांत हा खर्च सुमारे ९ वॅट-तास होतो. 'एनआरएफ ५२' जातीचे यंत्र त्याच कामास सुमारे १२ मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाकाठी सुमारे १ वॅट-तास घेते. काम तेच, परंतु खर्च नऊपट कमी.

आता आवक. ५ वॅटची प्लेट चैत्रात दिवसाला सुमारे ५ तास पूर्ण उन्हाइतकी वीज देते. भरणीतील तूट वजा जाता सुमारे १५ वॅट-तास हाती लागतात. म्हणजे उन्हाळ्यात ही प्लेट दोन्ही जातींची यंत्रे बिनतक्रार चालविते. नेमकी येथेच फसगत होते. पुष्य-आश्लेषा नक्षत्रांत घाटमाथ्यावर झड लागते, तेव्हा दिवसभराचा उजेड जमेस धरला तरी पूर्ण उन्हाच्या अर्ध्या तासाइतकाच भरेल, असे धरून चालावे. त्या दिवशी हीच प्लेट जेमतेम १.५ वॅट-तास देईल. 'एनआरएफ' यंत्राचा खर्च त्यात भागतो, 'ईएसपी' यंत्राचा भागत नाही. त्यासाठी सुमारे ३० वॅटची प्लेट डोंगरावर चढवावी लागेल. यास्तव धारेवरील यंत्रासाठी कमी खर्चाचीच जात निवडावी. दुसरी जात घरी, जेथे अधूनमधून वीज असते, तेथे वापरण्यास हरकत नाही.

हौद किती मोठा असावा? ३००० मिलिअँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे ११ वॅट-तास मावतात. त्यांपैकी ९ वापरण्याजोगे समजावेत. एकाच बनावटीचे व सारख्या दाबाचे दोन सेल समांतर जोडल्यास आवक अजिबात न झाली तरी 'एनआरएफ' यंत्र दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकाव धरते. 'ईएसपी' यंत्र त्याच सेलांवर तिसऱ्या दिवशी मान टाकते.

मांडणी करताना

१. प्लेटचे तोंड दक्षिणेस करून तिला १५ ते २० अंशांचा उतार द्यावा. युरोप-अमेरिकेतील माहितीत याहून पुष्कळ उभी प्लेट सांगितलेली आढळते. ती तेथील हिवाळ्यासाठी, जेव्हा सूर्य क्षितिजालगत असतो. आपली अडचण पावसाळ्याची आहे. त्या काळी सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो व ढगांतून गाळलेला उजेड चोहोबाजूंनी येतो. एवढ्या उतारावरून पावसाचे पाणी धूळही वाहून नेते.

२. प्लेटवर फांदीची सावली पडू देऊ नये. आतील सेल एकामागे एक जोडलेले असल्याने एका कोपऱ्यावरील सावलीनेही सर्व प्लेटची वीज बरीच घटते.

३. प्लेट व सेल यांच्यामध्ये सेलच्या जातीस योग्य असा भरणी-नियंत्रक असावाच. प्लेटची तार थेट लिथियम सेलला जोडणे धोक्याचे आहे.

४. ४५ अंश सेल्सिअसपुढील उष्णतेत साधा लिथियम सेल भरू नये. म्हणून पेटी पांढरी असावी व प्लेटच्याच सावलीत बसवावी. तारा पेटीत खालच्या बाजूने घ्याव्यात, म्हणजे पाणी ओघळून आत शिरत नाही.

५. अँटेना जोडल्यावाचून यंत्र कधीही चालू करू नये, अन्यथा आतील प्रसारक बिघडण्याचा संभव असतो. अँटेना उभी व ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठीच बनविलेली असावी.

६. वीज कडाडत असताना धारेवरील खांबाजवळ कोणी जाऊ नये. जागा वनविभागाची असल्यास आधी परवानगी घ्यावी.

नियम व निरोपाची भाषा

भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अल्पशक्तीची यंत्रे २००५ सालापासून परवान्याविना वापरता येतात. मात्र शक्ती १ वॅटच्या आत आणि पट्टारुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत असावी लागते. मेश्टॅस्टिकची मूळ मांडणी २५० किलोहर्ट्झची असते. यास्तव प्रदेश 'भारत' निवडून १२५ किलोहर्ट्झची मांडणी घ्यावी, व ती सर्व यंत्रांवर एकसारखी ठेवावी.

या जाळ्यावरून बोलणे जात नाही, केवळ अक्षरे जातात. एका निरोपात सुमारे २०० बाइट मावतात, आणि देवनागरीतील प्रत्येक अक्षरास व प्रत्येक मात्रेस तीन बाइट लागतात. म्हणजे अक्षरे व मात्रा मिळून साठ-पासष्ट चिन्हांतच निरोप संपवावा लागतो. म्हणून ग्रामसभेत काही आकडे ठरवून घ्यावेत. उदाहरणार्थ, १ म्हणजे आजारी माणूस, २ म्हणजे जमिनीस भेग, ३ म्हणजे वाट बंद. हे आकडे प्रत्येक घरी लिहून लावावेत. शासनाच्या इशाऱ्यांकडे मात्र या जाळ्याच्या भरवशावर दुर्लक्ष होता कामा नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वैशाखात यंत्र बसवून घ्यावे व मृग निघण्यापूर्वी एक कसोटी अवश्य घ्यावी : सेल पूर्ण भरून प्लेट जाड कापडाने झाकावी आणि सात दिवस रोज निरोप पाठवून पाहावा. सातव्या दिवशीही उत्तर आले तर हौद पुरेसा आहे असे समजावे. न आले तर दुरुस्तीस अद्याप कोरडे दिवस हाती असतात.