दृक्-अवबोधन

दृक्-अवबोधन : डोळ्यांवाटे मिळणाऱ्या संवेदनांची जुळणी करून त्यांतून वस्तू, अंतर व गती यांचा अर्थपूर्ण बोध करून घेण्याची मानसिक प्रक्रिया. जालपटलावर (डोळ्यातील प्रकाशसंवेदी पटलावर) उमटणारी प्रतिमा द्विमितीय, उलटी व डोळ्याच्या प्रत्येक हालचालीसरशी बदलणारी असते. अनुभवास येणारे जग मात्र त्रिमितीय, सुलटे व स्थिर असते. शिवाय एकच प्रतिमा जवळच्या लहान वस्तूची किंवा दूरच्या मोठ्या वस्तूचीही असू शकते. अशा संदिग्ध सामग्रीतून एक अर्थ निश्चित करणे, हे अवबोधनाचे कार्य होय. ही क्षमता जन्मजात आहे की अनुभवजन्य, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे.

संघटनाची तत्त्वे : दृश्याचे पहिले विभाजन आकृती व पार्श्वभूमी असे होते. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रूबीन (१८८६–१९५१) यांनी १९१५ मध्ये हे विशद केले. त्यांच्या प्रसिद्ध चित्रात कधी फुलदाणी, तर कधी समोरासमोरचे दोन चेहरे दिसतात. दोन्ही एकाच वेळी आकृती म्हणून दिसत नाहीत, कारण सामाईक सीमारेषा एका वेळी एकाच बाजूची मानली जाते. व्यूहवादी मानसशास्त्राचे एक प्रवर्तक माक्स व्हेर्टहाइमर (१८८०–१९४३) यांनी १९२३ मध्ये समूहीकरणाची तत्त्वे मांडली. जवळजवळ असलेले (सान्निध्य), सारखे दिसणारे (सादृश्य), एका ओघात येणारे (सातत्य) वा एकाच दिशेने सरकणारे (समान गती) घटक एकत्र पाहिले जातात. अपुरी आकृती पूर्ण मानण्याकडेही (संपूरण) कल असतो. रांगोळीचे ठिपके जोडण्यापूर्वीच त्यांच्या ओळी दिसू लागतात, त्या सान्निध्यामुळे.

अर्थनिश्चिती : ताट तिरकस कोनातून पाहिले असता त्याची प्रतिमा लंबवर्तुळाकार पडते, तरी ते गोलच दिसते. उन्हातील कोळशावरून सावलीतील कागदापेक्षा अधिक प्रकाश परावर्तित होत असला, तरी कोळसा काळा व कागद पांढराच दिसतो. यास अवबोधनाचे स्थैर्य म्हणतात. हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ (१८२१–९४) यांच्या मते अवबोधन हे एक प्रकारचे अबोध अनुमान असते. प्रकाश वरून येतो हे मन गृहीत धरते. म्हणून खड्ड्याचे छायाचित्र उलटे धरल्यास तो पुष्कळदा उंचवटा भासतो. हे अनुमान जाणिवेच्या आटोक्यात नसते. म्यूलर-लायर भ्रमात (१८८९) दोन समान रेषांच्या टोकांना आत वळलेली व बाहेर फाकलेली पिसे जोडली असता त्या असमान दिसतात आणि मोजून खात्री केली, तरी भ्रम टिकतो.

जन्मजात की अनुभवजन्य : आयरिश विद्वान विल्यम मॉलिन्यूक्स (१६५६–९८) यांनी जॉन लॉक यांना विचारले होते, की जन्मांध व्यक्तीस स्पर्शाने घन व गोल ओळखता येत असतील, तर दृष्टी लाभताच ते केवळ पाहून ओळखता येतील काय? लॉक यांचे उत्तर नकारार्थी होते. या प्रश्नाची प्रायोगिक छाननी भारतात ‘प्रकाश’ प्रकल्पात झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील पवन सिन्हा यांच्या पुढाकाराने चाललेल्या या प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या मुलांवर उपचार करून त्यांच्या दृष्टिविकासाचा अभ्यास केला जातो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ८ ते १७ वर्षे वयाच्या पाच मुलांना शस्त्रक्रियेनंतर लगेच, स्पर्शाने परिचित झालेला आकार पाहून ओळखता आला नाही. पुढे फेरचाचणी झालेल्या मुलांत मात्र ही क्षमता अल्पावधीत आढळली.

याच प्रकल्पातील २००९ च्या अभ्यासात नवदृष्टी लाभलेल्या व्यक्तींना एकमेकींवर पसरलेल्या आकृत्या वेगळ्या करता येत नव्हत्या. रंग व छटांचा प्रत्येक तुकडा त्यांना स्वतंत्र वस्तू वाटे. आकृत्या हलू लागताच मात्र त्या एकसंध दिसत. काही महिन्यांनी स्थिर चित्रेही त्यांना उलगडू लागली. यावरून गती ही संघटनाची आद्य शिक्षिका असावी, असे मानले जाते. उलट, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मुलांना दृष्टी लाभताच म्यूलर-लायर भ्रम झाल्याचे आढळले. तेव्हा संघटनाचे काही नियम अनुभवापूर्वीच सिद्ध असतात, तर काही पाहता पाहता घडतात, असे दिसते.

या निष्कर्षांना व्यावहारिक महत्त्व आहे. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन व्हीझल (१९८१ च्या नोबेल पारितोषिकाचे सहमानकरी) यांनी मांजराच्या पिलांचा एक डोळा सुरुवातीचे काही आठवडे झाकला असता, मेंदूच्या दृक्-क्षेत्रातील बहुतेक कोशिका त्या डोळ्यास प्रतिसाद देत नाहीत, असे दाखवले. त्यामुळे बालपणीचा ठरावीक काळ उलटल्यावर केलेले उपचार निष्फळ ठरतात, अशी समजूत दृढ झाली. उशिरा उपचार झालेल्या मुलांची दृष्टितीक्ष्णता बहुधा कायमची कमी राहते, हे खरे. म्हणून जन्मजात मोतीबिंदूवर शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया होणे इष्ट असते. तथापि धूसर प्रतिमेतूनही वस्तू ओळखण्यास मन पुढील वयात शिकू शकते. त्यामुळे केवळ वय वाढले म्हणून अशा मुलास उपचार नाकारणे समर्थनीय ठरत नाही.