मोठ्या गाडीचं ॲव्हरेज

648 सीसीची इंटरसेप्टर बाइक घेणाऱ्याने ॲव्हरेज विचारू नये म्हणतात. पण तिची टाकी 13.7 लिटरचीच, लांबच्या दौऱ्यात विचारावंच लागतं.

हायवेवर पेट्रोल खातो तो मुख्यतः वारा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 80 वरून 100 वर गेलात की तो 56 टक्क्यांनी वाढतो, 120 ला सव्वादोन पट होतो. रुंद पॅनियर आणि फडफडणारं जॅकेट त्यात भर घालतात. टाकीत ओतायच्या 'मायलेज बूस्टर'पेक्षा वेग दहाने उतरवणं स्वस्त.

कसारा घाट न्यूट्रलमध्ये उतरणारे अजून भेटतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय तेव्हाही धोक्याचीच होती. इंजेक्शनच्या गाडीत तर तिने काटकसरही होत नाही. गिअर टाकलेला असताना थ्रॉटल पूर्ण सोडला, की बहुतेक गाड्यांत ईसीयू (इंजिनचा संगणक) पेट्रोल तोडतो आणि मागचं चाकच इंजिन फिरवतं. न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगसाठी पेट्रोल जळत राहतं. वर इंजिन ब्रेकिंग गेल्याने सगळा भार ब्रेकवर येतो.

हवा टायर गार असताना तपासा, चेनला वंगण द्या. तरीही आकडा थोडा घसरलेला दिसला तर लगेच मेकॅनिकवर राग नको: इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच असते, आणि ई-20 पेट्रोलमध्ये त्याचा वाटा 20 टक्के आहे.